दात किडलाय, पण पाठवायचं का?

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, तेव्हा दातांसाठी हाताशी एक टॉर्च आणि जीभ दाबायची पट्टी एवढंच असतं. मूल 'आ' करतं, अर्ध्या मिनिटात पुढचं मूल समोर उभं. तेवढ्यात ठरवायचं, याला दंतवैद्याकडे पाठवायची चिठ्ठी द्यायची की नाही.

ही तपासणी ज्याखाली होते तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासायच्या आजारांच्या यादीत दंतक्षय, म्हणजे दात किडणं, आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. पथकातले डॉक्टर मात्र दंतवैद्य नसतात, म्हणून त्यांना सोपा नियम लागतो. 'कीड दिसली की पाठवा' हा सगळ्यात सोपा, आणि माझ्या मते सगळ्यात निरुपयोगी. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे निम्म्या वर्गाच्या हातात चिठ्ठी. तालुक्याला जायचं तर आईबापाचा एक खाडा आणि वर एसटीचं भाडं, त्यामुळे बहुतेक चिठ्ठ्या दप्तरातच चुरगळतात. हिरडीला पू झालेल्या मुलाची चिठ्ठीही त्यांतच जाते.

म्हणून 'कीड आहे का?' एवढ्यावर थांबून चालत नाही. कोणता दात आणि मुलाचं वय काय, हेही पाहावं लागतं.

साडेसहा वर्षांच्या मुलाचा पुढचा दुधाचा दात किडलाय आणि हलतोय. हिरडी बरी असेल तर सोडून द्या, महिन्याभरात जीभच त्याला पाडेल. त्याच वयात दुधाच्या दाढेला खड्डा असेल तर गोष्ट वेगळी. ती दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी, कारण खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा तीच धरून ठेवते. लवकर गेली तर मागची दाढ पुढे सरकते आणि नवा दात वाट मिळेल तिथून वाकडा येतो. शिवाय दुधाच्या दातांचं कवच पातळ असतं, कीड आतल्या नसेपर्यंत पटकन पोचते. 'दुधाचेच तर आहेत, पडतील' हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य इथे चुकतं.

खरी फसगत होते ती सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेची. ही पक्की दाढ दुधाच्या दाढांच्या मागे, काहीही न पडता उगवते, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. तिच्या खाचा खोल असतात, अन्न अडकतं. उगवल्यावरही तिची मुळं पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात. मध्येच नस मेली तर मुळांची वाढ थांबते. या एका दाढेबाबत नुसती शंका आली तरी पाठवावं.

पू, हिरडीवरची पुटकुळी, रात्री झोपमोड करणारी कळ, यांना वयाचा हिशेब नाही. त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठायचा. चेहरा सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय.

उलट बाजूही बघायला हवी. चंद्रपूर, यवतमाळच्या ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे दातांवरचे तपकिरी डाग म्हणजे कीड नव्हे. टोकदार काही खुपसून पाहण्याची गरज नाही. दात पुसून पाहिला की पृष्ठभाग सलग आहे की खड्डा पडलाय, हे सहसा कळतं. आठ वर्षांच्या मुलीच्या वरच्या पुढच्या दातांतली फटही सहसा सुळे आले की मिटते. तिथे चिठ्ठी दिली तर आईची झोप तेवढी उडेल.

दोन दातांच्या मधली कीड मात्र टॉर्चने बहुतेकदा दिसत नाही, तिला एक्स-रे लागतो. म्हणून 'काही दिसलं नाही' याचा अर्थ दात निरोगी, असा पालकांना सांगू नये.

आणि चिठ्ठी दिली म्हणजे उपचार झाले असंही नाही. इंग्लंडच्या वायव्य भागात सहा ते नऊ वर्षांच्या हजारो मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. शाळेत तपासणी झालेल्या आणि न झालेल्या मुलांत उपचाराविना राहिलेली कीड जवळपास सारखीच होती. तीही अशा देशात, जिथे मुलांचे दंतोपचार मोफत आहेत.

त्यामुळे चिठ्ठीवर 'दंतक्षय, संदर्भित' एवढंच लिहिणं मला खटकतं. 'खालची उजवी, सगळ्यात मागची दाढ, पक्की. खड्डा आहे, दुखत नाही. महिन्याभरात दाखवा', आणि खाली दंत विभाग कोणत्या वारी उघडा असतो ते. पुढच्या वर्षी पथक आलं की टॉर्च लावण्याआधी ही जुनी चिठ्ठी काढायची आणि मुलाला विचारायचं, "गेला होतास का?"