चाकाचे बेअरिंग : स्पोर्ट्स कारसाठी बदली भागाची निवड

चाकाला मोकळेपणी फिरू देणारा, पण केसभरही डुलू न देणारा भाग म्हणजे चाकाचे बेअरिंग. पारिभाषिक मराठीत याला ‘धारवा’ म्हणतात. गॅरेजात सगळे ‘बेरिंग’च म्हणतात. रोजच्या वापरातल्या गाडीत ते घरघरू लागले की बदलायचे, एवढाच त्याचा विचार होतो. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र स्टिअरिंगचा नेमकेपणा आणि ब्रेकचा पहिला दाब यांचाही त्याच्याशी संबंध असतो. त्यामुळे नवे घेताना ‘मापात बसते ना?’ एवढाच प्रश्न पुरत नाही.

उदाहरणासाठी माझदा एमएक्स-५ म्हणजेच मियाटा घेऊ. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. पहिल्या पिढीची ही गाडी जेमतेम एक टनाची, मागच्या चाकांवर चालणारी. पुढच्या चाकांत हब (ज्यावर चाक बसवतात तो मधला भाग) आणि बेअरिंग मिळून एकच बंद भाग असतो आणि तो अख्खा बदलतात. मागे सुटे बेअरिंग नकलमध्ये (चाक आणि हब धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या भागात) प्रेसने दाबून बसवलेले असते. दोन्हीकडे गोळ्यांच्या दोन ओळी असतात, कारण अशा बेअरिंगमधली एक ओळ वळणाचा आडवा रेटा एकाच दिशेने पेलते.

बेअरिंगचा कस लागतो तो या रेट्यातच. सरळ रस्त्यावर एका चाकावर सुमारे २,५०० न्यूटन भार असतो. जोरदार वळणात बाहेरच्या पुढच्या चाकावर तो सहज ४,००० न्यूटनपर्यंत जातो आणि टायरच्या तळाशी जवळपास तेवढाच आडवा रेटा येतो. मूळ १८५/६०-१४ मापाच्या टायरची त्रिज्या सुमारे २९ सेंटिमीटर. म्हणजे हबला कलंडवू पाहणारे आघूर्ण (रेटा गुणिले त्रिज्या) हजार न्यूटन-मीटरच्या वर जाते. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. भार सव्वापट झाला की आयुष्य अर्ध्यावर येते. जास्त पकडीचे ट्रॅक टायर लावणे किंवा हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर (जाड चकती) घालून चाक बाहेरच्या बाजूला सरकवणे याची किंमत आधी बेअरिंग मोजते.

खेळ आलेल्या, म्हणजे ढिल्या झालेल्या बेअरिंगची एक खूण फार जणांना चकवते. वळणात हब किंचित कलंडते, त्याबरोबर डिस्क कलंडते आणि ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) मागे ढकलले जातात. पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबावा तर पेडल पहिल्या दाबाला खोल जाते. मग ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली असे समजून ऑइल बदलले जाते. दोष तिथे नसतोच.

चांगल्या बेअरिंगचे पोलाद साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचे असते. ते किती स्वच्छ गाळले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि पोलादात राहिलेल्या मळाच्या कणापाशीच पहिली चीर सुरू होते. म्हणून इथे निर्मात्यावर विश्वास टाकावाच लागतो. जपानी गाड्यांसाठी एनएसके, एनटीएन आणि कोयो ही नावे सर्वांत सरळ, कारण मूळ भाग पुरवणाऱ्यांतच त्या कंपन्या आहेत. स्वीडनमध्ये १९०७ मध्ये स्थापन झालेल्या एसकेएफचा एक कारखाना आपल्या चिंचवडला आहे. मोठ्या नावांच्या नकलाही निघतात. केवळ खोका आणि कोरीव अक्षरे पाहून खरेखोटे ठरवू नये. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. हब काढण्या-बसवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली की स्वस्त बेअरिंग महागात पडते.

सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडेची रबरी पट्टी) आणि ग्रीस यांची चौकशी मात्र जरूर करावी. साध्या नायट्राइल रबराचे सील १०० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत टिकते. ट्रॅकवर ब्रेकची उष्णता डिस्कमधून हबमध्ये उतरते, तेव्हा फ्लुओरो रबराचे सील आणि उच्च तापमानाचे ग्रीस लागते. सिरॅमिक गोळ्यांवर खर्च करण्यात माझ्या मते अर्थ नाही. त्यांचा मुख्य फायदा अतिवेगी फिरण्यात आहे. ताशी २०० किलोमीटरलाही हे चाक मिनिटाला सुमारे १,८०० फेरेच घेते. शिवाय सिरॅमिक गोळी पोलादापेक्षा ताठ असल्याने धक्का बसला की कडीवर, म्हणजे गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या पोलादी कड्यावर, जास्त ताण येतो.

नव्या गाड्यांत एबीएससाठी (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते; तिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग ओळखतो. बेअरिंग उलटे बसले तर सेन्सरला काहीच कळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो.

उत्तम बेअरिंगही बसवताना मरते. नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर आणि हब आत दाबताना आधार आतल्या कडीला हवा. गोळ्यांमधून जोर गेला की कडीवर खळगे पडतात. हबचा नट नवा घ्यावा, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळावा आणि त्यानंतरच चाकावर गाडीचे वजन टाकावे, कारण आतल्या दोन अर्ध्या कड्या एकमेकींवर घट्ट बसवून मूळ पूर्वभार (गोळ्यांवर आधीपासून ठेवलेला दाब) हाच नट राखतो.

काढलेले बेअरिंग लगेच भंगारात टाकू नये. मियाटाचे मागचे हब प्रेसने काढताना आतल्या कडीचा अर्धा भाग बहुधा हबवरच राहतो, त्यामुळे ते बेअरिंग पुन्हा वापरता येत नाही, पण आतून पाहता मात्र येते. एकाच ओळीच्या वाटेवर पोपडे असतील तर वळणाचा भार जास्त झाला. गोळ्यांच्या अंतराने खळगे असतील तर बसवण्यात चूक झाली किंवा चाक जोरात आदळले. तांबूस गंज आणि पांढुरके ग्रीस असेल तर सीलमधून पाणी शिरले. कडी निळसर झाली असेल तर उष्णता. अशा गाडीला तेच बेअरिंग पुन्हा घालण्याआधी ब्रेकला हवा पोचवणाऱ्या नळ्या बसवाव्यात.