सुलाला जाणं वेगळं, छोट्या बुटीक वायनरीला जाणं वेगळं

ठाण्या-नवी मुंबईतल्या कुठल्याही ऑफिस ग्रुपवर थंडी पडली की (म्हणजे आपल्याकडे जेवढी पडते तेवढी) कोणीतरी टाकतंच, "चला नाशिक, वायनरी करू." मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सुला (नाशिकची ती मोठी, प्रसिद्ध वायनरी), दुसरी म्हणते नको यार, शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, एखादी छोटी बुटीक वायनरी बघा. सगळा वाद गर्दीवरच होतो, बाकी प्रकार सेम आहे असं दोन्हीकडचे धरून चालतात. तो सेम नाहीये, आणि एकाची अपेक्षा घेऊन दुसरीकडे गेलं की दिवस फुकट जातो.

आधी मोठीचं. सुलाचं टेस्टिंग रूम २००५ मध्ये सुरू झालं, तेव्हा वायनरीत जाऊन वाइन चाखायची ही कल्पनाच आपल्याकडे नवीन होती. आज तिथे रेस्टॉरंट आहे, राहायला रिसॉर्ट आहे, दुकान आहे, गंगापूर धरणाच्या बाजूचा तो सुंदर पट्टा आहे. टूर ठरलेल्या वेळेला, बॅचमध्ये, गाइडचं बोलणं पाठ झालेलं असतं पण स्वच्छ असतं. नावं ठेवायचं काही कारण नाही, ज्याने आयुष्यात कधी वाइन प्यायली नाही आणि ग्रुपमध्ये १२ जण आहेत, कोणाला पिझ्झा हवाय, कोणाला फोटो हवेत, त्याने सरळ तिथेच जावं.

छोट्या वायनरीत तुम्ही बेसिकली कोणाच्यातरी कामाच्या जागी जाता. फिरवणारा माणूस बऱ्याचदा तिथेच सेलरमध्ये (वाइन बनवायच्या-मुरवायच्या जागी) काम करणारा असतो, नशीब असेल तर वाइनमेकर स्वतः किंवा मालक. त्याला स्क्रिप्ट नसते, त्यामुळे तो कधी दहा मिनिटांत उरकतो आणि कधी तुम्ही एक नीट प्रश्न विचारलात की तासभर सोडत नाही. म्हणून माझं मत असं की छोट्या ठिकाणी जाताना चार-सहाच जण जावं आणि त्यातल्या निदान दोघांना तरी खरंच उत्सुकता असावी, बाकीचे मोबाइल बघत उभे राहिले की सांगणाऱ्याचाही मूड जातो.

टूरमध्ये दिसतं काय, तर वस्तू दोन्हीकडे त्याच, स्टीलच्या टाक्या, प्रेस, ओकचे बॅरल, बॉटलिंग लाइन. फरक अंतराचा आहे. मोठ्या ठिकाणी टाक्या दोन-तीन मजली उंच आणि बघायचं बहुतेक लांबून, छोट्या ठिकाणी तुम्ही टाकीला हात लावून ती किती गार आहे ते बघू शकता, आणि मग कळतं की व्हाइट वाइन थंड तापमानात का आंबवतात, कारण गरम झाली की फळाचा वास उडून जातो. रेडचा रंग सालीतून येतो, बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस आतून पांढुरकाच असतो, म्हणून रेड सालीसकट आंबवतात आणि साल वर तरंगून जाड थर धरते. मोठ्या टाकीत पंपाने खालचा रस वर आणून त्या थरावर सोडतात, छोट्या टाकीत काही ठिकाणी चक्क माणूस दांड्याने तो थर खाली दाबतो. हे एकदा डोळ्याने बघितलं की टॅनिन, म्हणजे रेडमध्ये सालीतून उतरणारा तो तुरटपणा, ते वेगळं समजवावं लागत नाही. बॅरलचं गणितही तिथेच विचारा. नेहमीचा बॅरल २२५ लिटरचा, म्हणजे ७५० मिलीच्या ३०० बाटल्या. आता ज्यांच्याकडे मोजके बॅरल आहेत त्यांची ती बॅरलमध्ये मुरवलेली खास 'रिझर्व्ह' वाइन किती निघत असेल आणि ती आपल्या नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या दुकानात का दिसत नाही, ते आपोआप कळतं.

खरेदीचा मुद्दाही यातूनच येतो. मोठ्या ब्रँडची जी बाटली घराखालच्या वाइन शॉपमध्ये मिळते ती नाशिकहून डिकीत घालून आणण्यात काही अर्थ नाही. जे इथे मिळतच नाही तेवढंच घ्या, आणि छोट्या ठिकाणी असं बरंच असतं.

टेस्टिंगला क्रम दोन्हीकडे साधारण सारखा, आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग व्हाइट, रोझे (गुलाबी), रेड, शेवटी गोड डेझर्ट वाइन. प्रत्येकाचा घोट-दोन घोट. ("एवढीशीच?" असं म्हणणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला नंतर ग्लास विकत घेऊ द्या.) थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं ते खरंच वापरायला असतं, लाजायचं काही नाही. मोठ्या ठिकाणी पुढची बॅच दारात उभी असते म्हणून वेळ बांधलेला, छोट्या ठिकाणी "हीच शिराझ (रेड वाइनचा एक प्रकार) मागच्या वर्षीची आहे का" असं विचारता येतं, आणि उघडी बाटली असेल तर दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून चाखायला मिळतात. माझ्यासाठी तरी छोट्या वायनरीला जायचं खरं कारण हेच, बाकी व्ह्यू वगैरे ठीक आहे.

आता सीझन, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षात दोनदा होते, उन्हाळ्यात एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, पण वाइनचं पीक एकच, साधारण जानेवारी ते मार्च. जुलैत गेलात तर हिरवागार मळा दिसेल, द्राक्ष एकही नाही. फेब्रुवारीत घड लटकलेले, क्रशिंग (द्राक्षं चिरडणं) चालू, सगळीकडे आंबलेल्या रसाचा वास, जमीन ओली (हील्स घालून जाऊ नका). पण गंमत अशी की तेव्हाच छोट्या वायनरीतल्या माणसांना मान वर करायला वेळ नसतो, टूर अर्ध्यात गुंडाळली गेली तर राग मानू नका. मोठ्या ठिकाणी टूरचा स्टाफ वेगळा असतो म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. आणि वेलीवरचं द्राक्ष तोडून खायच्या फंदात पडू नका, एकतर न विचारता तोडणं बरं नाही, दुसरं म्हणजे ते छोटं, जाड सालीचं, बियांचं असतं, तुमच्या डोक्यात असलेलं बाजारातलं बिनबियांचं थॉम्पसन नव्हे.

एक सावधगिरी. "बुटीक" म्हणजे नक्की किती छोटी याची काही सरकारी व्याख्या नाही, कोणीही पाटीवर लिहू शकतो. रिसॉर्टच्या बाजूला दोन ओळी वेली लावून आत फक्त वाइन बार असलेली ठिकाणंही असू शकतात. फोन करून एवढंच विचारा की क्रशिंग तुमच्याकडेच होतं का आणि टूर कोण देतं. द्राक्षं स्वतःच्या मळ्यातली नाहीत म्हणून मात्र नाक मुरडू नका, सुलासारखे मोठेही करारावर शेतकऱ्यांकडून घेतात. आणि छोटी म्हणजे स्वतंत्रच असंही नाही, गंगापूर धरणाजवळची यॉर्क एका कुटुंबाने उभी केलेली, २०२१ मध्ये ती सुलाकडे गेली.

ठाण्याहून छोटी बघायची असेल तर नाशिक शहरापर्यंत जायचीही गरज नाही. इगतपुरी-घोटीकडे कावनईला व्हॅलोने आहे, मुकणे धरणाच्या काठावर, ट्रेकवाल्यांना कावनईचा किल्ला माहीत असेलच. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, फक्त बाइकवाल्यांना समृद्धीवर बंदी आहे, त्यांनी जुनाच रस्ता. नवी मुंबईकरांना मात्र आधी शिळफाटा पार करायचा असतो, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

गाडी चालवणारा पिणार नाही हे घरूनच ठरवा. कायद्याने मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल, पहिल्या वेळेला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि टेस्टिंगचे घोट "थोडेसेच" वाटले तरी बेरीज होतेच. नाहीतर ठाण्याहून सकाळची शिर्डी वंदे भारत पकडून नाशिकरोडला उतरा आणि पुढे कॅब. गंगापूर रोडला परतीची कॅब मिळून जाईल, गावाकडच्या छोट्या वायनरीला जात असाल तर तीच गाडी दिवसभर थांबवून ठेवा, संध्याकाळी तिथे ॲपवर काही दिसत नाही. २१ च्या खालच्यांना चाखायला देत नाहीत, आणि २६ जानेवारीची सुट्टी बघून प्लॅन करणाऱ्यांनो, तो ड्राय डे असतो.