हाउंड ट्रेलिंग वेगळं, ट्रेल हंटिंग वेगळं

इंग्लंडमध्ये ट्रेल हंटिंगवर बंदी घालण्याची चर्चा सुरू झाली की एक घोटाळा हमखास होतो. बातमी कोल्ह्याच्या शिकारीशी जोडलेल्या प्रकाराची असते आणि वाचणाऱ्याला वाटतं, वायव्य इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या कुत्र्यांच्या त्या जुन्या शर्यतीही आता बंद होणार. त्या शर्यतींचं नाव हाउंड ट्रेलिंग. दोन्हीकडे हाउंड जातीची कुत्री आहेत, दोन्हीकडे माणसाने आधी जमिनीवर ओढून ठेवलेला वास आहे आणि कुत्री तो वास धरूनच धावतात. इतकं साम्य असल्यावर गल्लत होणारच. पण त्या गल्लतीची किंमत शर्यतीची कुत्री पाळणाऱ्या साध्या कुटुंबांना मोजावी लागू शकते, म्हणून हा फरक जरा सविस्तर सांगावासा वाटतो.

आधी शर्यत. हाउंड ट्रेलिंगचं घर म्हणजे इंग्लंडच्या वायव्य टोकाचा कंब्रिया, म्हणजे मुख्यतः जुने कंबरलंड आणि वेस्टमोरलंड हे परगणे. लेक डिस्ट्रिक्ट यातच येतो. उंच बोडके डोंगर, त्यांच्यावर चरणाऱ्या हर्डविक मेंढ्या, दगडावर दगड रचून घातलेले गडगे, नेच्यांचं रान, ओढे आणि दलदल. असल्या मुलुखात सुमारे 10 मैलांचा, म्हणजे 16 किलोमीटरचा, वर्तुळासारखा फिरून येणारा माग घातला जातो. लहान कुत्र्यांसाठी तो साधारण निम्मा असतो.

माग घालण्याची रीत मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. लोकरीच्या चिंध्यांचं बोचकं ॲनिसीडचं तेल आणि रॉकेल यांच्या मिश्रणात भिजवतात. ॲनिसीड म्हणजे बडीशेपेसारख्याच वासाचं बी. दोन माणसं मार्गाच्या साधारण मध्यावर जातात आणि तिथून पाठीला पाठ लावून निघतात. एक चिंध्या ओढत शर्यतीच्या सुरुवातीकडे येतो, दुसरा शेवटाकडे. एकाच माणसाने सगळा मार्ग चालायचा ठरवलं, तर खडकाळ चढउतारावर 16 किलोमीटर तुडवेपर्यंत सुरुवातीचा वास विरून जायचा. मध्यापासून निघाल्याने प्रत्येकाच्या वाट्याला निम्मंच अंतर येतं आणि कुत्र्यांना ताजा माग मिळतो. ऊन, वारा, पाऊस पाहून हे सगळं जमवावं लागतं. कोरड्या उन्हात वास पटकन उडतो आणि अख्खा घोळका एखाद्या गडग्यापाशी गोंधळून घुटमळतो.

सुरुवातीकडे येणारा माणूस दिसायला लागला की मैदानात ओळीने उभी असलेली कुत्री पिसाट होतात. मालकांनी त्यांना गळ्याला धरून ठेवलेलं असतं. माग घालणारा चिंध्या ओढत ओळीपर्यंत पोचतो, इशारा होतो आणि सगळी कुत्री एकदम सुटतात. पुढचा अर्धा तास त्यांच्यामागे कुणीही जात नाही. घोडा नाही, शिंग फुंकणारा नाही, हाकारे घालणारा नाही. माणसं मैदानातच थांबतात, दुर्बिणी डोळ्याला लावून समोरच्या डोंगरउतारावर पांढरे ठिपके शोधतात. कोणता ठिपका कुणाचा, हे जाणकार मैलभरावरून सांगतात.

मग शेवट. पहिली कुत्री अखेरच्या उतारावर दिसली की रेषेपलीकडे मालकांची रांग लागते आणि कान बधिर करणारा गलका सुरू होतो. शिट्ट्या, आरोळ्या, कुत्र्याच्या नावाचा धोशा, आणि हातात त्याच्या आवडीच्या खाण्याचं भांडं. कुत्रं धावतं ते त्या हाकेकडे आणि त्या भांड्याकडे. वासाच्या टोकाला त्याचं माणूस उभं असतं, हे त्याला पिल्लू असल्यापासून शिकवलेलं असतं.

नियमही शर्यतीला शोभतील असेच आहेत. हाउंड ट्रेलिंग असोसिएशन 1906 मध्ये स्थापन झाली. मोठ्यांची शर्यत 25 ते 45 मिनिटांच्या आत पूर्ण व्हावी लागते. त्याहून लवकर किंवा उशिरा संपली तर ती धरली जात नाही. हे कडक वाटेल, पण मैदानात अधिकृत बुकी भावांचे फलक मांडून बसलेले असतात आणि पैसा लागला की लबाडीला वाट फुटते. कुत्री डोंगराआड गेल्यावर तिकडे काय घडतंय ते कुणाला दिसत नाही. मार्ग आखूड पडला किंवा माग मध्येच तुटला, तर घड्याळ ते दाखवून देतं.

या खेळात श्रीमंती लागत नाही. शेतकरी, खाणकामगार, कारखान्यातले मजूर, त्यांच्या बायका आणि मुलं यांनीच तो चालवला. शर्यतीचं कुत्रं बहुधा घरातच राहतं, चुलीपाशी झोपतं. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. त्या दिवसांत त्याचे केस अगदी बारीक कापतात, म्हणजे पळताना अंग तापत नाही. ग्रासमियरच्या जुन्या क्रीडामेळ्यात कुस्ती आणि डोंगरधावेच्या शेजारी हाउंड ट्रेलही असतो. अनेक शेतकऱ्यांची परवानगी असल्याशिवाय एवढा लांब माग घालताच येत नाही, त्यामुळे सगळा डोलारा शेजारधर्मावर उभा आहे. 2001 मध्ये लाळ्या-खुरकूत रोगाने कंब्रियातली जनावरं मोठ्या प्रमाणावर मारावी लागली आणि शिवारं बंद झाली, तेव्हा एका शेतातून दुसऱ्या शेतात धावणाऱ्या या खेळाला जागाच उरली नव्हती.

आता ट्रेल हंटिंग. त्याची गोष्ट कायद्यापासून सुरू होते. ब्रिटिश संसदेने 2004 मध्ये हंटिंग ॲक्ट केला आणि 18 फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांच्या टोळीने कोल्ह्याची शिकार करणं गुन्हा ठरलं. शिकारी मंडळं, ज्यांना तिकडे ‘हंट’ म्हणतात, बंद झाली नाहीत. घोडे होते, कुत्री होती, नोकरमाणसं होती, हिवाळ्यातले ठरलेले दिवस होते. त्यांनी नवा प्रकार काढला. खऱ्या कोल्ह्याऐवजी कोल्ह्याच्या मुतासारखा प्राणिज वास जमिनीवर ओढायचा आणि कुत्र्यांना तो शोधायला लावायचं, म्हणजे जुन्या शिकारीसारखाच अनुभव येईल आणि कायदाही मोडणार नाही, असं त्यामागचं म्हणणं.

इथे वासाची निवडच सगळं वेगळं करते. ॲनिसीड आणि रॉकेल यांच्या मिश्रणासारखा वास रानात कुठल्याही जनावराला येत नाही. त्यावर तयार झालेलं कुत्रं कोल्ह्याच्या वाटेला जाण्याचं कारण नाही, मेंढ्यांच्या कळपातूनही ते सरळ निघून जातं. कोल्ह्याच्या वासावर तयार झालेल्या टोळीला ओढलेला वास आणि खऱ्या कोल्ह्याचा वास यांत फरक का वाटावा? त्यातून ट्रेल हंटिंगमध्ये माग मुद्दाम कोल्हे असतील अशा झाडीझुडपातून आणि ओढ्याकाठाने घातला जातो. कुत्र्यांना हाताळणाऱ्यालाही तो नेमका कुठून गेलाय हे बहुतेकदा सांगितलेलं नसतं. खरी शिकार वाटावी म्हणून हे करतात, असं हंट सांगतात. विरोधकांचा आरोप असा की हा नुसता बुरखा आहे. कोल्हा मारला गेला तर ‘अपघात झाला’ म्हणायची सोय, आणि कायद्याप्रमाणे हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर.

हा वाद कोर्टातही गेला. 2020 मध्ये हंट मंडळांच्या ऑनलाइन बैठकांच्या चित्रफिती बाहेर आल्या. खरी शिकार लपवण्यासाठी ट्रेल हंटिंगचा आडोसा घ्यायला सांगितल्याच्या आरोपावरून एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याला ऑक्टोबर 2021 मध्ये खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं, पण 2022 मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. दरम्यान नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेच्या सभासदांनी 2021 मध्ये ट्रेल हंटिंगविरुद्ध मत दिलं आणि त्याच वर्षी ट्रस्टने आपल्या जमिनींवर त्यासाठी परवाने देणं बंद केलं. लेक डिस्ट्रिक्टमधली पुष्कळ जमीन या संस्थेकडे आहे.

ट्रेल हंटिंगमध्ये जिंकणं-हरणं नसतं. रेषा नाही, घड्याळ नाही, बुकी नाही, पहिला नंबर नाही. कुत्री एकेका मालकाची नसून टोळी हंटच्या मालकीची असते आणि ती एकत्र कुत्रेखान्यात राहते. मागून माणसं जातात, बहुतेक ठिकाणी घोड्यावरून, डोंगराळ भागात पायी. मुख्य हंगाम थंडीचा. म्हणजे ऐन उन्हाळ्यात जत्रेच्या मैदानाशेजारी, मालकांच्या हातात भांडी आणि समोर बुकींचे फलक दिसले तर ती हाउंड ट्रेलिंगची शर्यत. जानेवारीच्या सकाळी लाल कोट, घोडे आणि तीस-चाळीस कुत्र्यांची टोळी दिसली तर ती कंब्रियातली शर्यत नक्कीच नव्हे.

मात्र दोन्हींचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. ट्रेलिंगची कुत्री मूळची डोंगरातल्या कोल्हेशिकारी कुत्र्यांच्याच वंशातली. वेगासाठी पुढे त्यांत दुसरं रक्त मिसळलं आणि ती अंगाने हलकी, लांब पायांची झाली. शर्यतींचा उगमही ‘कुणाचं कुत्रं जास्त चपळ’ या शिकाऱ्यांमधल्या पैजांतून झाला, असं तिकडे सांगतात. लेक डिस्ट्रिक्टमध्ये पायी शिकारीची जुनी परंपरा होती. काल्डबेक गावचा शिकारी जॉन पील, जो 1854 मध्ये वारला, तो आजही तिथल्या लोकांच्या तोंडी आहे. ब्लेनकॅथ्रासारखी शिकारी मंडळं त्याच खोऱ्यांतली आणि काही घरांत दोन्ही नाद एकत्र नांदले. विरोधकांनी हा धागा दाखवला तर त्यात चूक नाही. पण उगम एक असला तरी शर्यतीतून शिकार गळून पडली त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. ती 2005 नंतर कायद्यातून पळवाट म्हणून आलेली नाही. हंटिंग ॲक्ट आला तेव्हा या लोकांना आपल्या नियमांतली एक ओळही बदलावी लागली नाही.

गोंधळात भर घालणारा आणखी एक प्रकार आहे, ड्रॅग हंटिंग. इंग्लंडमध्ये ड्रॅग हंटिंग म्हणजे प्राणिज नसलेला वास ओढायचा आणि त्यामागून कुत्री व घोडेस्वार दौडवायचे. मजा मुख्यतः घोड्यावरच्या उड्यांची, आणि वास ठरलेल्या मार्गाने जात असल्याने कोल्ह्याचा प्रश्न फारसा येत नाही. पण आयर्लंडमध्ये, विशेषतः कॉर्क परगण्यात, ड्रॅग हंट म्हटलं की लोकांना पायी मालकांची, घोड्याविना होणारी कुत्र्यांची शर्यतच आठवते, म्हणजे कंब्रियातल्या ट्रेलिंगचंच भावंड. नावावर विसंबलं तर माणूस हमखास चुकतो. ग्रेहाउंडच्या शर्यतींशीही याची सांगड घालू नये. त्या डोळ्यांवर चालतात, यांत्रिक सशामागे, लंबगोल ट्रॅकवर काही सेकंदांत. ब्रिटनमध्ये तशी ट्रॅकवरची पहिली शर्यत 1926 मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला झाली. ट्रेलिंगमधलं कुत्रं जवळजवळ संपूर्ण शर्यत नाकाने पळतं.

आता मुद्दा कायद्याच्या शब्दांचा. 2024 च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात लेबर पक्षाने ट्रेल हंटिंगवर बंदीचं आश्वासन दिलं आणि तो पक्ष सत्तेत आला. बंदी योग्यच आहे असं माझं मत आहे. कोल्ह्याचा वास वापरून कोल्ह्यांच्या रानात टोळी सोडायची आणि कोल्हा मेला की हळहळायचं, हे पटण्यासारखं नाही. पण मसुदा लिहिणाऱ्याने घाईने ‘ओढून ठेवलेल्या वासामागे कुत्री सोडणे’ असं काही लिहिलं, तर एकाही कोल्ह्याला न शिवलेला खेळ त्यात सापडेल. शर्यतीचं कुत्रं पाळणाऱ्या निवृत्त मजुराकडे वकिलांची फौज नसते.

ही अडचण सुटण्याजोगी आहे, हे स्कॉटलंडने दाखवलं आहे. तिथल्या 2023 च्या कायद्याने ट्रेल हंटिंगला मनाई केली, पण व्याख्या करताना प्राणिज वासाची अट घातली. ओढलेला वास रानटी सस्तन प्राण्यापासून आलेला किंवा त्याच्या वासाची नक्कल करणारा असेल तरच ते ट्रेल हंटिंग. ॲनिसीड आणि रॉकेलने भिजवलेली चिंधी त्या व्याख्येत बसतच नाही. इंग्लंड-वेल्सच्या मसुद्यातही हीच अट यायला हवी आणि ती मसुद्याच्या पहिल्या पानावर, व्याख्येतच यायला हवी. मागाहून अपवाद म्हणून टाकली, तर दर शर्यतीला ‘आमचा वास प्राणिज नाही’ हे सिद्ध करत बसण्याची वेळ कंब्रियातल्या आयोजकांवर येईल.