सामूहिक वनहक्क: गावाचे जंगल राखण्यासाठी दावा कसा करावा

गावाने परंपरेने राखलेल्या जंगलाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१) नुसार ग्रामसभेला मिळतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळाला. राखीव वन असो, संरक्षित वन असो वा अभयारण्य, दावा करता येतो.

पहिली गफलत नमुना निवडताना होते. नमुना ‘ब’ हा निस्तार (घरगुती गरजेसाठी जळण, लाकूड वगैरे घेणे), चराई, गौण वनउपज, मासेमारी यांसाठी आहे. जंगल राखायचे असेल तर नमुना ‘क’ (सी फॉर्म) भरावाच लागतो. नुसता ‘ब’ भरला तर मोहफुले वेचता येतील, पण व्यवस्थापन वनखात्याकडेच राहील. दोन्ही एकदम भरलेले बरे.

पात्रतेबद्दल उगाच धास्ती असते. गावात अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासी (अनुसूचित जमातीत नसलेली, पण पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणारी) अशी काही माणसे असली तरी ‘क’ साठी पुरेसे आहे. तसे नमुन्यातच छापलेले आहे.

ग्रामसभेने १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडावी. त्यात दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला हव्यात. गावात अनुसूचित जमात नसेल तर महिलांची अट तेवढी राहते. सभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. हजेरीपटावर सह्या-अंगठे नीट घ्या; गणपूर्ती दाखवता आली नाही, तर पुढे ठरावावरच बोट ठेवले जाते.

नमुन्यासोबत गावाच्या सीमेचा नकाशा, कक्ष (वनखात्याने पाडलेला जंगलाचा भाग) किंवा गट क्रमांक, लगतच्या गावांची नावे आणि किमान दोन पुरावे जोडा. निस्तारपत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची सरकारी नोंद), गुरे चारण्याच्या व कंदमुळे गोळा करण्याच्या जागा, देवराई, तळे, स्मशानभूमी हे सगळे पुराव्यात धरले जाते. उपग्रह छायाचित्र पूरक म्हणून चालते, पण ते नाही म्हणून दावा अडवता येत नाही.

खरे घोडे अडते ते शेजारच्या गावाशी. सीमा एकमेकींवर चढत असतील तर दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून तोडगा काढावा आणि तो आपापल्या ग्रामसभांपुढे ठेवावा. नाहीच जमले तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. वनहक्क समिती दाव्यातल्या जंगलाची स्थळपाहणी करते; तिची सूचना वनखात्याला लेखी द्या आणि पोच जपून ठेवा. कर्मचारी आले नाहीत आणि मागाहून आक्षेप आला, तर ही पोचच कामी येते.

पाहणीनंतर ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती. ग्रामसभेच्या ठरावावर हरकत असेल तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो. जिल्हा समितीने ‘क’ चा हक्क नाकारला तर तिला कारणे नोंदवावीच लागतात; ती लेखी मागा. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येते.

हक्कपत्र हाती आले की संरक्षण समिती नेमून आराखडा करावा. चंद्रपूरच्या पाचगावने बांबूची विक्री स्वतः सुरू केली, पण तेंदूपत्ता तोडणे थांबवले, कारण त्यासाठी फांद्या छाटतात आणि जंगलात आगी लावतात.