टॉवरवर आमची माणसं बोलावण्याआधी: ट्रान्समिशन बंद करण्याविषयी थोडं

"आम्ही डिश बंद ठेवलीय, तुम्ही या." असा फोन येतो, टॉवरवर चढून डिश बसवण्या-जुळवण्याचं काम करणारी आमची टीम गाडी घेऊन निघते, आणि साइटवर पोचल्यावर कळतं की टॉवरवर बाकी कंपन्यांचं सगळं चालूच आहे. ब्रॉडबँडवाले, केबलवाले, साखर कारखाने, सहकारी बँका असे आमचे बहुतेक ग्राहक दुसऱ्याच्या किंवा सामाईक टॉवरवर आहेत, आणि जवळपास प्रत्येकाकडून हीच एक गोष्ट राहून जाते. मग हार्नेस (सुरक्षेचे पट्टे) चढवलेली पोरं खाली सावलीत बसतात, तुमचा माणूस कोणाकोणाला फोन लावत राहतो, आणि दुपारी उत्तर येतं की परवानगी उद्या मिळेल.

खरं सांगायचं तर तुमची डिश चालू असली काय नि बंद असली काय, आम्हाला फार फरक पडत नाही. तिच्यातल्या पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे फक्त समोरच्या एका डिशशी बोलणाऱ्या, रेडिओची ताकद बहुधा एका वॅटच्या आतच असते. अडचण असते ती तिच्या वर-खाली असलेल्या मोबाइल कंपन्यांच्या पॅनेलची, म्हणजे उभ्या चपट्या अँटेनांची. त्यात एकेका पोर्टला (केबल जोडायच्या तोंडाला) 40 वॅट किंवा त्याहून जास्त जातात. शिडी सोडून तुमची डिश जिथे बसते त्या माउंटपर्यंत जायचं तर बऱ्याच टॉवरवर अशा एखाद्या पॅनेलच्या पुढून, वीतभर अंतरावरून सरकावं लागतं. शिवाय डिश नीट बसवायची म्हणजे तिथेच थांबून काम करायचं. 15 गीगाहर्ट्झच्या 60 सेंटिमीटर डिशचा झोत जेमतेम सव्वादोन अंशांचा. समोरच्या टोकाशी बोलत, नट अर्धा आटा सैल करत ती जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणूस पॅनेलसमोर असतो.

"पण रेडिएशनची मर्यादा सरकारने कमी केलीय ना?" केलीय. 1 सप्टेंबर 2012 पासून भारतात आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू आहे. म्हणजे मोबाइलच्या 1800 मेगाहर्ट्झच्या लहरींना चौरस मीटरमागे सुमारे 0.9 वॅट. ती रस्त्यावरच्या, गच्चीवरच्या, घरातल्या माणसांसाठी. पॅनेलच्या तोंडाशी लटकलेल्या माणसाला ती वाचवत नाही. या लहरींनी कातडीखालचा भाग तापतो. डोळ्यांना जपावं लागतं, कारण तिथली उष्णता वाहून न्यायला रक्तपुरवठा कमी असतो. आणि चटका जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो.

आमची पोरं सह्याद्रीतल्या तैलबैल्याच्या भिंतीवर नि लिंगाण्याच्या सुळक्यावर तयार झालेली आहेत, हे ऐकून ग्राहक कौतुकाने म्हणतात, "मग 40 मीटरचा टॉवर म्हणजे तुम्हाला काय!" उंचीची सवय, दोर हाताळण्याची शिस्त, हात भरून आले तरी डोकं जागेवर ठेवणं हे खडकावर शिकलेलं इथे रोज कामाला येतं. पण ठिसूळ धोंडा हातोडीने ठोकला की पोकळ वाजतो, आपण पाय दुसरीकडे ठेवतो. चालू पॅनेल असं काही सांगत नाही. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर आरएफ मॉनिटर, म्हणजे या लहरी वाढल्या की वाजणारं यंत्र, असतो. तो वाजला की माणूस खाली उतरतो, मग एकच बोल्ट राहिला असला तरी. यावर वाद घालू नये ही विनंती.

पडण्याचा हिशेबही वेगळा आहे. सुळक्यावर लीड करणारा, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढणारा, पडला तर ताणला जाणारा दोर झटका पचवतो. टॉवरवर खाली आडवं लोखंड आहे, तिथे पडायचंच नाही. म्हणून दोन हुकांचा लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेला आखूड दोर), एक हुक कायम अडकलेला, आणि पाठीवर कडी असलेला फुल बॉडी हार्नेस. आमच्या गिर्यारोहणाच्या कमरेच्या हार्नेसला ती कडी नसते, तो या कामाला चालत नाही. "एकट्याचं काम, मग तिघांचं बिल का?" याचं उत्तर इथेच आहे. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच धोका सुरू होतो. त्याला उतरवणारा वरच हवा, आणि दोर सांभाळणारा खाली. स्वस्तात एकटा माणूस पाठवणारे आहेत; त्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

आता परवानगी. टॉवरमालकाने आत सोडलं म्हणजे पॅनेल बंद झाले असं नाही. टॉवर एकाचा, भाडेकरू चार. प्रत्येकाच्या नियंत्रण कक्षाकडून तिकीट, म्हणजे पॅनेल बंद ठेवण्याची नोंदलेली परवानगी, वेगळं घ्यावं लागतं. इथे एक युक्ती सांगतो: सगळे सेक्टर, म्हणजे सगळ्या दिशांचे पॅनेल, बंद मागू नका, कंपनी नाहीच म्हणते. आमच्या वाटेवरचा तेवढा एकच सेक्टर मागा. अख्खा दिवसही मागू नका. कंपन्या रात्रीची वेळ देऊ पाहतात, पण आम्ही अंधारात चढत नाही. उजाडल्यापासून नऊपर्यंतची वेळ मागितली तर बहुधा मिळते. आणि तिकिटावर लिहून घ्या की आमचा माणूस उतरल्याचा फोन आल्याशिवाय सेक्टर चालू करायचा नाही. नियंत्रण कक्षातली पाळी बदलते, नव्या माणसाला स्क्रीनवर सेक्टर बंद दिसतो, तो बिचारा चांगल्या हेतूनेच चालू करतो.

दुसऱ्याच्या ब्रेकरला आम्ही हात लावत नाही. तुमचा स्वतःचा ट्रान्समीटर असेल, उदाहरणार्थ कम्युनिटी रेडिओचा, तर त्याच्या ब्रेकरला आम्ही लाल पट्टी आणि छोटं कुलूप लावतो. किल्ली चढणाऱ्याच्या खिशात. "प्रोग्रॅमची वेळ झाली" म्हणून कोणी कुलूप उघडायला सांगितलं तरी किल्ली वरून येत नाही.

हवामानाबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेचा वळीव आणि परतीचा पाऊस यांत दुपारचं काम घेत नाही. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की सगळे खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी चढत नाही. आग्या मोहोळ दिसलं तर आधी कळवा. ते जसं कड्याच्या पोटाला लागतं तसं टॉवरच्या प्लॅटफॉर्मखालीही लागतं, आणि निम्म्या शिडीवर असताना ते कळणं कोणालाच परवडत नाही.

तिकिटं नसल्यामुळे टीम थांबली तर अर्ध्या दिवसाचे पैसे लागतात. ते आम्हाला आवडतात असं नाही, पण पोरांचा दिवस गेलेला असतो. हे टाळायचं असेल तर कामाच्या आठ दिवस आधी सांगा, तिकिटांचा पाठपुरावा आम्हीच करतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. वार्षिक करार असलेल्यांकडे मे महिन्याच्या आत एक फेरी होतेच: गंज, सैल बोल्ट, अर्थिंग, वरचा लाल दिवा. तेव्हाच डिशचंही काम जोडून घेतलं तर एकाच तिकिटात भागतं.

चौकशी करताना टॉवरचा पायापासून टोकापर्यंतचा फोटो चारही बाजूंनी पाठवा, आणि शिडी कोणत्या बाजूला आहे ते दिसेल असं बघा. तुमची डिश कोणती त्यावर बोटाने गोल केला तरी चालेल.