साळावली: धरणाच्या फेरीआधी थोडे पाण्याखालचे

साळावली धरणावर मुलांना घेऊन जाणारे बहुतेक जण पावसाळ्यात जातात. तलाव भरतो आणि पाणी एका भल्यामोठ्या अर्धगोल विहिरीत कोसळू लागते, ते पाहायला. पोरे तासभर तिथून हलत नाहीत. पण सांगे तालुक्यातली ही फेरी नीट समजून करायची, तर आधी पन्नासेक वर्षे मागे जावे लागते.

गोव्यात पाऊस उदंड, पण तो चार महिन्यांचा. नद्या आखूड, सह्याद्रीत उगम पावून थोडक्याच अंतरात समुद्राला मिळणाऱ्या. त्यात भरतीचे खारे पाणी झुआरीतून पार आतवर चढते, म्हणजे किनाऱ्याजवळ नदी दिसते भरलेली आणि प्यायला उपयोगाची नाही. मुक्तीनंतर मडगाव, वास्को, मुरगाव बंदर यांची तहान वाढत गेली. गोडे पाणी अडवायचे तर भरतीच्या टप्प्यापलीकडे, डोंगरांच्या कुशीत जाणे भाग होते. झुआरीला मिळणारी साळावली नदी त्यासाठी हेरली गेली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः कुर्डीत, म्हणजे पुढे या धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावात, आले होते आणि धरणाने साऱ्या गोव्याचे भले होईल असे सांगून गेले, ही आठवण गावची जुनी माणसे अजून काढतात. भाऊसाहेब 1973 साली गेले. धरणाचे काम त्या दशकात सुरू झाले आणि पुढे बरीच वर्षे रेंगाळले.

धरण सुमारे 42 मीटर उंच, लांबी किलोमीटरभर. त्याचा बराचसा भाग मातीचा आहे, आणि मातीच्या धरणावरून पाणी वाहिले तर ते धरणालाच खाऊन टाकते. म्हणून जादा पाण्याला पक्का सांडवा हवा. इथे सांडव्याची कड सरळ रेषेत न ठेवता बदकाच्या चोचीसारखी तलावात वळवली आहे. त्यामुळे थोड्या जागेत लांबलचक कड मिळते आणि एकाच वेळी पुष्कळ पाणी उतरते. दरवाजे उघडायला कुणी लागत नाही. पातळी समुद्रसपाटीपासून 41.15 मीटरवर पोचली की पाणी आपसूक आत पडते. ‘डकबिल’ हे नाव मुलांना एकदा सांगितले की ती विसरत नाहीत.

या तलावाने सुमारे 24 चौरस किलोमीटर जमीन घेतली. तिच्यात कुर्डी होती: भातशेती, माड, काजू, फणस, देवळे, चॅपल, हिंदू-ख्रिस्ती-मुसलमान सगळ्यांची घरे, मिळून तीनेक हजार वस्ती. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर 1904 साली याच गावात जन्मल्या. गाव पाण्याखाली गेले, आडनावात राहिले. 1980 च्या दशकात लोकांना वाडे आणि वालकिणी इथे जमिनी देऊन हलवण्यात आले. ज्यांच्या शेतांवर दक्षिण गोव्याचे पाणी साठले, त्यांच्याच नव्या घरांतल्या नळाला पाणी नाही ही तक्रार पुढे कित्येक वर्षे ऐकू येत राहिली. धरणावरच्या फलकांवर असले काही लिहिलेले नसते, तेव्हा ते घरच्यांनीच मुलांना सांगावे.

माणसांबरोबर देवही हलले. कुर्डीचे कदंबकालीन महादेव मंदिर दगड न् दगड सुटा करून सुमारे 17 किलोमीटरवर, धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. त्याला अकरा वर्षे लागली. धरणावरच्या बागेत फिरून लोक परत जातात आणि हे देऊळ राहून जाते. मला विचाराल तर फेरी इथूनच सुरू करावी. सांध्यांवरून बोट फिरवत मुलांना विचारावे, हा दगड आधी कुठे होता? कुर्डीतली जांभ्या दगडातली मातृदेवता तर थेट वेर्ण्याला नेली.

सोमेश्वराचे देवस्थान मात्र जागेवरच राहिले. उन्हाळ्यात तलाव ओसरला की कुर्डी उघडी पडते. भेगाळलेला चिखल, घरांची जोती, झाडांचे वाळके बुंधे. मग मे महिन्यात विखुरलेले गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला येतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या चॅपलच्या फेस्ताला. पोराबाळांना ‘हे आपले अंगण’ म्हणून नुसते जोते दाखवणारे आजोबा तिथे भेटतात. पाहुण्याने अशा वेळी त्या जोत्यावर चढून फोटो काढू नये, एवढे तरी पाळावे.

म्हणजे साळावलीची फेरी एकाच खेपेत पुरी होत नाही. सांडवा पाहायचा तर तलाव तुडुंब भरायला हवा, आणि कुर्डी पाहायची तर तो आटायला. मे महिन्यात तिथे सावली अशी नाहीच, तेव्हा सकाळी लवकर निघावे, टोप्या आणि प्यायचे पाणी घरूनच न्यावे. आणि जायचेच तर पाऊस लागायच्या आत, कारण जूनच्या जोराच्या सरी सुरू झाल्या की पाणी जोत्यांवर पुन्हा चढू लागते.