झिऱ्याचे पाणी: विदर्भातल्या खेड्यांत ख्रिस्ती मंडळी कशी टिकली

खेड्यात कुणाच्या घरी रविवारची उपासना भरली की आज पहिला प्रश्न येतो, "पैसे कुठून येतात?" पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, ठाण्यात बोलावून घेतले, घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली, किराणावाल्याने उधारी बंद केली, हे आमच्या यवतमाळकडच्या मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती उपासक गटांना, नवे नाही. पण यामागचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास प्रश्न विचारणाऱ्यांना ठाऊक नसतो, आणि आमच्या तरुण मुलांनाही नसतो. त्यांच्यासाठी हे टिपण.

नागपुरात भोसल्यांचे राज्य होते तेव्हा, 1845 मध्ये, स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी तिथे आले. मराठी शिकले, शाळा चालवली, गोंडांच्या कथा आणि शब्द टिपून ठेवले, दगडांतले जीवाश्म गोळा केले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते पूर आलेल्या नाल्यात बुडाले. वय अवघे 45. कॉलेजला दिलेल्या नावामुळे नागपूरने त्यांना लक्षात ठेवले. खेड्यात ज्यांनी सोसले, त्यांची नावे मात्र मंडळीच्या जुन्या रजिस्टरांपलीकडे गेलीच नाहीत.

धर्म बदलला म्हणून कुणाचा वारसाहक्क बुडणार नाही, असा कायदा 1850 मध्येच झाला होता. पण गावगाडा कायद्यावर चालत नव्हता. बाप्तिस्मा घेतलेल्याचे बलुते बंद व्हायचे, सालदारकी सुटायची, मयत झाली तर खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही. त्यातही बहुतेक जण महार-मांगवाड्यातले. म्हणजे गावाने आधीच दूर ठेवलेले, आणि आता भावकीनेही तोडलेले. हे दुहेरी तुटणे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही.

मग दुष्काळ आले. 1896-97 चा, आणि त्यातून माणूस सावरतो न सावरतो तोच 1899-1900 चा, ज्याला लोक 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत. मिशनच्या आवारांत अनाथ पोरे भरली. पंडिता रमाबाई पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात आल्या आणि इथल्या मुलींना घेऊन गेल्या. "भाकरीसाठी बाटले" हा टोमणा त्या दिवसांपासूनचा आहे. धान्य देऊन नावे वाढवण्याचा प्रकार कुठेच झाला नाही, असे मी म्हणणार नाही. पण मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पाऊस पडला, पेज वाटणे थांबले, त्यानंतर कोण राहिले? काही जण परत गेले. जे राहिले त्यांना राहून गावात काही मिळत नव्हते, उलट होते ते जात होते. त्यांच्या विश्वासाला भाकरीचे नाव देणे हा मला अन्याय वाटतो.

मेळघाटाच्या पायथ्याशी, परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याला, घराबाहेर काढलेल्या कुष्ठरोग्यांसाठी काम उभे राहिले. ते दवाखान्याच्या रूपाने आजही चालू आहे. ज्याच्या हाताचे पाणी सख्खा भाऊ घेत नव्हता, त्याच्या जखमा तिथे धुतल्या गेल्या.

पाण्यावरून माझी आजी आठवते. आजोबा सुवार्तिक, म्हणजे गावोगाव फिरून येशूची शिकवण सांगणारे, होते. कंदील, ट्रंक आणि सायकल एवढीच त्यांची मिळकत. आमच्या गावात सार्वजनिक विहिरीवर आजीला मनाई होती. आधी जातीमुळे, नंतर "तुम्ही तर आता तिकडचे" म्हणून. ती पहाटे नाल्यावर जायची. रेतीत हाताने झिरा उकरायचा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, खाली निवळ पाणी पाझरेपर्यंत बसायचे, मग वाटीवाटीने गुंड, म्हणजे पाण्याचे भांडे, भरायचा. एका गुंडाला अर्धा तास. तेवढ्या वेळात तिची प्रार्थना व्हायची. गावात पटकीची साथ आली तेव्हा तिने तेच पाणी उकळून, ज्या घरांनी तिला विहिरीवरून हाकलले होते त्या घरांत नेऊन दिले. "पोरं त् सारखीच तहानतेत ना बाप्पा," एवढेच ती सांगायची.

या मंडळ्यांना स्वतःचा आवाज मिळाला तो नारायण वामन टिळकांमुळे, आणि त्या गोष्टीची सुरुवातही आमच्याच भागातली आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षांची ताटातूट झाली. पण त्यांनी पदे लिहिली ती अभंगाच्या वळणाची, टाळ-ढोलकीवर म्हणता येणारी. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा कितीतरी बायकांचे बायबल म्हणजे ही पदेच. आमच्या आजीचेही.

स्वातंत्र्यानंतर त्रासाचे रूप बदलले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. एकाच वाड्यातले, एकाच विटाळाचे चटके सोसलेले दोन चुलतभाऊ, एकाला दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही. दगडफेकीची बातमी होते, दाखल्याची होत नाही. माझ्या मते मंडळ्या जास्त पोखरल्या गेल्या त्या या दाखल्याने. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आमच्या गावातला अख्खा वाडा बौद्ध झाला. त्या स्वाभिमानाबद्दल आमच्या घरात आदरच होता. आजोबांनी येशूला सोडले नाही, आणि वाड्यात आमचे घर एकटे पडले.

त्याच काळात, 1954 मध्ये, तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनच्या कामाची चौकशी लावली. विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता. समितीची 99 प्रश्नांची प्रश्नावली निघाली. 1956 च्या अहवालाने आमिषाचा ठपका ठेवला, आणि धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या मिशनऱ्यांना परत पाठवावे अशी शिफारस केली. पुढे 1968 मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला, पण तोवर विदर्भ महाराष्ट्रात आला होता. "पैसे कुठून येतात?" हा प्रश्न मात्र इथेच राहिला.

परदेशी मिशनरी हळूहळू गेले. यवतमाळला 1953 मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारी संस्था, 1983 मध्ये पुण्याला गेली. नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. खेड्यातला पाळक मात्र मजुरीवर आला: सोमवार ते शनिवार निंदण, फवारणी, वेचणी आणि रविवारी उपदेश. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण ज्याला उद्या त्याच गावात वावर वखरायचे आहे, तो तक्रार द्यायला सहजी धजत नाही.

पैसे कुठून येतात ते पाहायचे तर पीक निघाल्यावर हंगामाच्या उपासनेला यावे. आमच्या पत्र्याच्या खोलीत वेदीपुढे तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसे, ओंजळभर कापूस आणि एक कोहळे ठेवलेले असते. उपासनेनंतर लिलाव होतो. घेणारा कोहळे परत मंडळीला देतो, पुन्हा बोली लागते. मागच्या खेपेला ते चार वेळा विकले गेले, आणि चौथ्या वेळी घेणाऱ्या म्हाताऱ्या मावशींनी घरी नेले. वहीत नोंद आहे: कोहळे, 340 रुपये. त्याखाली त्याच अक्षरात: पाळकांच्या घरी, 300.